जोडसरकीतली गुलाबी अळी

कार्तिक महिना होता. जबलपूरच्या गोरखपूर भागात माझी मावशी राहते, तिच्याकडे मी चार दिवस गेले होते. दुपारची जेवणे आटोपली की मावशी गच्चीवर उन्हात चटई टाकून वाती वळायला बसायची. कापूस घरच्या शेतातला, यवतमाळ जिल्ह्यातून दिराने पिशवीत भरून पाठवलेला. विकतच्या कापसाच्या वाती देवापुढे लावणे मावशीला पटत नाही.

मावशी लग्नानंतर काकांच्या नोकरीपायी जबलपूरला आली आणि तिथलीच झाली. १९५६पर्यंत जबलपूर आणि यवतमाळ एकाच राज्यात होते आणि त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे या शहरात विदर्भातली घरे जुनीच. गोरखपूरच्या बाजारात हिंदीत घासाघीस करून आलेली मावशी जिना चढता चढता वऱ्हाडी बोलू लागते.

तर त्या दुपारी सरकी काढता काढता तिने एकदम हात झटकला. दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या. नखाने त्या उकलल्या, तर आत अंगाचे वेटोळे करून एक गुलाबी अळी बसलेली. जिवंत!

"अगं, भाऊजी तर म्हणत होते, हे बीटीचं बियाणं आहे, याला अळी लागत नाही. मग ही इथं बसून काय करते?" मावशीने मला विचारले. मासिक-साप्ताहिकांत लिहिणाऱ्या माणसाला सगळे ठाऊक असते, अशी तिची समजूत आहे.

तिची सूनबाई कपडे वाळत घालत होती. तिने आणखी एक प्रश्न पुढे केला. "ताई, बीटीच्या विषानं अळीच्या आतड्याला भोकं पडतात म्हणे. मग सरकीची पेंड गाईला घालतात, सरकीचं तेल आपण खातो. आपल्या आतड्याचं काय?"

दोन्ही प्रश्न सरळ होते, पण माझ्याकडे त्यांचे सरळ उत्तर नव्हते. परत आल्यावर मी पुस्तके चाळली, जाणकारांना गाठले आणि मावशीच्या दिरांशीही फोनवर बोलले. तेव्हा कळले, की दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे. ते ठिकाण म्हणजे अळीच्या आतड्यातल्या पेशीचे पातळ पटल.

रेशमाच्या किड्यापासून कपाशीपर्यंत

बीटी हे 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' या जिवाणूच्या नावाचे लघुरूप. त्याची पहिली ओळख झाली जपानात. तिथे रेशमाचे किडे एकाएकी लुळे पडून मरत. १९०१मध्ये शिगेताने इशिवाता यांनी या रोगामागचा जिवाणू शोधून काढला. दहा वर्षांनी जर्मनीत एर्न्स्ट बर्लिनर यांना थुरिंजिया प्रांतातल्या पिठाच्या गिरणीतून आलेल्या पतंगाच्या मेलेल्या अळ्यांत तोच जिवाणू दिसला आणि त्या प्रांताचे नाव त्याला मिळाले. जपानला ज्याचा ताप झाला, त्याचा फ्रान्सला उपयोग सुचला. १९३८मध्ये तिथे या जिवाणूची भुकटी कीटकनाशक म्हणून विक्रीला आली.

हा जिवाणू बीजाणू तयार करतो तेव्हा त्याच्या शेजारीच खडीसाखरेच्या कणासारखा एक स्फटिक तयार होतो. अळीला मारणारे प्रथिन असते ते या स्फटिकात. म्हणून त्याचे नाव 'क्राय' प्रथिन. यातला 'क्राय' रडण्याचा नव्हे, 'क्रिस्टल'चा आहे.

१९८१मध्ये अमेरिकेत या प्रथिनाचे जनुक जिवाणूतून वेगळे काढले गेले. पुढे ते कपाशीच्या झाडात घालण्यात आले. भारतात जालन्याच्या महिको कंपनीने हे तंत्र आणले. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४मध्ये स्थापन केलेली ही कंपनी. केंद्राच्या समितीने २६ मार्च २००२ रोजी तिच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. या वाणांच्या झाडात स्फटिक नसतो. पानाफुलांच्या आणि बोंडाच्या पेशींत 'क्राय १ एसी' हे प्रथिन झाड स्वतःच तयार करते. फवारणी करायची ती झाडाच्या आतूनच झालेली.

त्या काळात अमेरिकन बोंडअळीने शेतकऱ्यांना रडकुंडीला आणले होते. औषधांना ती जुमानत नव्हती. मावशीचे दीर सांगत होते, "पहिल्या वर्षी बोंडं पाहून विश्वासच बसेना. अळी दिसे, पण लहानपणीच मरून पडलेली." हां हां म्हणता देशातली नव्वद टक्क्यांहून अधिक कपाशी बीटी झाली.

तर्रीचा थर आणि करंजीचे सारण

आता त्या पटलाकडे वळू. आपले शरीर काय किंवा अळीचे काय, असंख्य पेशींचे बनलेले असते आणि प्रत्येक पेशीभोवती एक पटल असते. ते इतके पातळ, की अशी सुमारे दोन लाख पटले एकावर एक रचली तर कुठे एक मिलिमीटर भरेल. ते बनलेले असते स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचे. विदर्भातल्या माणसाला रश्शावरची तर्री समजावून सांगायला नको. तर्रीच्या खाली पाणी असते आणि वर हवा. पेशीच्या तर्रीला मात्र वरही पाणी आणि खालीही पाणी. मीठ पाण्यात विरघळते पण तेलातून पार होत नाही. म्हणूनच हा पातळसा थर पेशीच्या आतले क्षार आत आणि बाहेरचे बाहेर ठेवू शकतो. पेशीचा जीव या हिशेबावर चालतो.

इथे एक कोडे उभे राहते. क्राय प्रथिन अळीच्या आतड्यातल्या रसात विरघळलेले असते. पाण्यात विरघळणारी वस्तू तेलात शिरत नाही. मग हे प्रथिन तेलाच्या थरात शिरते कसे आणि तिथे ठाण मांडून बसते कसे?

करंजी डोळ्यांपुढे आणा. बाहेर पारी, आत सारण. प्रथिनाची घडीही तशीच असते. पाण्याशी जमणारा भाग बाहेरच्या अंगाला आणि तेलाशी जमणारा भाग आत दडवलेला. जोवर घडी मिटलेली आहे तोवर प्रथिन पाण्यात सुखाने तरंगते. ती उलगडली आणि आतले बाहेर आले, की त्याला पाणी नकोसे होते आणि तेल हवेसे. सारी करामत आहे ती घडी नेमकी केव्हा आणि कुठे उलगडावी यात. वाटेतच उलगडली तर विष वाया जाते.

१९९१मध्ये केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी या कुळातल्या एका प्रथिनाची तंतोतंत रचना प्रसिद्ध केली. प्रथिनाचे तीन भाग दिसले. त्यातला एक म्हणजे सात सळ्यांची मोळी, सहा सळ्या कडेने आणि एक मधोमध. मधली सळी तेलाकडे ओढ असणारी, बाकीच्यांनी तिला पाण्यापासून झाकून ठेवलेले. उरलेले दोन भाग पटलावरची योग्य जागा हुडकण्याच्या कामी येतात.

अळीने पान खाल्ले, की हे प्रथिन तिच्या आतड्यात उतरते. आपल्या जठरात आम्ल असते. पतंगाच्या अळीचे आतडे याच्या अगदी उलट, खारट-अल्कधर्मी, जवळजवळ धुण्याच्या सोड्यासारखे. जिवाणूचा स्फटिक याच रसात विरघळतो. मग अळीचे पाचक रस प्रथिनाचा नको असलेला भाग कातरून टाकतात. गंमत पाहा, अळी ते पचवायला जाते आणि स्वतःच्या हाताने विषाला धार लावते.

धार लागलेले प्रथिन आतड्याच्या अस्तरावर येते. तिथल्या पेशींच्या पटलावर 'कॅडहेरिन' नावाचे अळीचे स्वतःचे प्रथिन कोयंड्यासारखे बाहेर आलेले असते. क्राय प्रथिनाची कडी या कोयंड्यात अडकते. कडी अडकली, की सळ्यांच्या मोळीतली पहिली सळी कापली जाते आणि मोळी सैल होते. सैल झालेले रेणू एकमेकांना धरून टोळी करतात. टोळीत नेमके किती असतात यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत, पण एका प्रसिद्ध मांडणीनुसार चार. ही टोळी पटलावरच्या आणखी काही प्रथिनांचा आधार घेते आणि मग ती शेवटची उडी मारते. मधली सळी आणि तिच्या शेजारची एक, अशा दोघी केसांच्या आकड्यासारख्या जोडीने तेलात घुसतात. बाकीच्या सळ्या उघडलेल्या छत्रीच्या काड्यांसारख्या पटलावर पसरतात. शास्त्रज्ञांनीही या मांडणीला छत्रीचेच नाव दिले आहे. चार छत्र्यांचे दांडे एकत्र आले, की त्यांच्यामध्ये एक नळी तयार होते.

नळीचे तोंड मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढे किंवा त्याच्या दुपटीएवढे असते. तेवढ्यातून क्षार ये-जा करू लागतात, त्यांच्यामागून पाणी आत ओढले जाते आणि पाण्यात टाकलेल्या मनुक्यासारखी पेशी फुगते. मनुका फुगून थांबतो, पेशी फुटते. अळीचे खाणे काही तासांत बंद होते आणि दोन-तीन दिवसांत ती मरते.

सूनबाईंच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. माणसाच्या काय किंवा गाईच्या काय, आतड्यात हा कोयंडा नाही. शिवाय आपल्या जठरातले आम्ल आणि पाचक रस या प्रथिनाचे लवकरच तुकडे पाडतात. सरकीच्या शुद्ध केलेल्या तेलात तर प्रथिन जवळपास उरतच नाही. याचा अर्थ जनुक बदललेल्या प्रत्येक पिकाला डोळे मिटून होकार द्यावा असा मुळीच नाही. बीटी वांग्याला २००९मध्ये तज्ज्ञ समितीचा होकार मिळूनही फेब्रुवारी २०१०मध्ये केंद्राने ते रोखून धरले, तेव्हा वाद केवळ आतड्यांचा नव्हता. देशी वाणांचा होता, बियाण्याच्या मालकीचा होता, चाचण्या कोणी करायच्या याचाही होता. पण 'अळीच्या पोटाला भोक पडते, म्हणजे आपल्याही पडणार' ही भीती मात्र मनातून काढून टाकायला हरकत नाही.

उलट, आपल्या पेशींना भोके पाडणारे जिवाणू वेगळे आहेत आणि ते कपाशीत राहत नाहीत. मुलांचा घसा सुजवणारा स्ट्रेप्टोकॉकस 'स्ट्रेप्टोलायसिन' नावाचे प्रथिन सोडतो. त्याचे डझनावारी रेणू आपल्या पेशीच्या पटलावर कडे करून बसतात आणि क्रायच्या छिद्राच्या दहापटीहून मोठे भोक पाडतात. मुलाचे सांधे दुखू लागले, की डॉक्टर रक्ताची 'ए.एस.ओ.' तपासणी लिहून देतात. त्या तपासणीत शोध असतो तो याच प्रथिनाविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांचा. गळवे करणारा स्टॅफिलोकॉकसही सात रेणूंची छत्रीवजा नळी पेशीत रोवतो. आणि आपले शरीरही काही कमी नाही. आपल्या पांढऱ्या पेशी रोगट पेशींना मारताना हीच युक्ती वापरतात. पाण्यातून तेलात उडी मारण्याची ही विद्या सृष्टीत फार जुनी असावी.

अळीने कोयंडा बदलला

आता मावशीचा प्रश्न. गुलाबी अळी जिवंत कशी?

ही अळी परकी नाही. तिचे पहिले शास्त्रीय वर्णन १८४३मध्ये झाले, ते आपल्याच भडोचच्या कपाशीवरच्या नमुन्यांवरून. तिची एक खोड आहे. अमेरिकन बोंडअळी कपाशी खाते, तूर खाते, हरभरा खाते. गुलाबी अळी बहुतांशी कपाशीवरच जगते. बोंडात शिरली, की भोक बुजते आणि आत ती सरकी खात बसते. बाहेरून बोंड धडधाकट दिसते. हंगाम संपताना दोन सरक्या जोडून त्यांच्या पोटात ती झोपी जाते. मावशीच्या हाती लागली ती अशी जोडसरकी.

लाखो अळ्यांत एखादी अशी जन्मते, की तिचा कॅडहेरिनचा कोयंडा वाकडा असतो. कडी अडकत नाही, टोळी जमत नाही, छत्री उघडत नाही. हा वाकडेपणा आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून आला तरच अळी तगते. विदर्भात सिकलसेलचा आजार ठाऊक असलेल्यांना हे लगेच कळेल. एकाच बाजूने आला तर भागत नाही. म्हणून नियम असा केला होता, की बीटीच्या शेताभोवती बिगर-बीटी कपाशीच्या ओळी लावायच्या. तिथे साध्या अळ्या सुखाने वाढतील, त्यांचे पतंग त्या एखाददुसऱ्या तगलेल्या पतंगाशी जुगतील आणि पिल्लांना वाकडा कोयंडा एकाच बाजूने मिळेल. अशी पिल्ले बीटी खाऊन मरतील. त्यासाठी बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साध्या बियाण्याची पुडी येत असे.

"त्या पुडीचं काय करायचात काका?" मी फोनवर विचारले.

पलीकडे ते हसले. "खरं सांगू पोरी? बांधावर फेकून देत होतो. अळ्या पोसायला कोण जमीन देते? आमच्याकडं तीन एकर. अन् ते कशासाठी लावायचं, हे कोणी नीट सांगितलंच नाही."

मला यात एकट्या काकांना दोष द्यावासा वाटत नाही. पाकिटावरचे बारीक अक्षर हे काही शिक्षण नव्हे. अमेरिकन बोंडअळीला शेजारची तूर आणि हरभरा आयतेच मिळाले. साध्या अळ्या तिथे वाढत राहिल्या आणि बीटीचा धाक तिच्यावर टिकला. गुलाबीला दुसरे पीक जवळजवळ नव्हतेच. त्यात आपल्याकडे लावतात ते संकरित वाण. संकरित झाडाच्या बोंडात सगळ्या सरक्या सारख्या नसतात. एकच जनुक घातलेल्या वाणात स्वपरागणाने आलेल्या सुमारे चौथ्या हिश्शाच्या सरक्यांत विष उतरत नाही. म्हणजे सरकी खाणाऱ्या अळीला एकाच बोंडात विषाचा घासही मिळतो आणि बिनविषाचाही. थोडे थोडे सोसत, अर्धी ताकद असलेली अळीही तगून जाते.

मार्च २०१०मध्ये मोन्सॅंटो कंपनीने स्वतःच जाहीर केले, की गुजरातमधल्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या जिल्ह्यांत गुलाबी अळी क्राय १ एसीला जुमानत नाही. पुढे भारतातल्या अशा अळ्या तपासल्या, तेव्हा त्यांच्या कॅडहेरिनच्या जनुकात एक नव्हे, अनेक प्रकारची मोडतोड आढळली. कोयंडा वाकवण्याच्या जितक्या तऱ्हा, तितक्या अळीने करून पाहिल्या होत्या.

यावर उपाय म्हणून २००६पासूनच दुसरे वाण बाजारात होते. त्यात 'क्राय २ एबी' हे आणखी एक प्रथिन घातलेले. त्याचा कोयंडा वेगळा. दोन कुलुपे एकाच वेळी उघडणारी अळी सहसा जन्मत नाही, असा हिशेब होता. पण पहिले कुलूप काही ठिकाणी आधीच सुटत चालले होते आणि एका प्रथिनाचे जुने वाणही काही वर्षे शेजारीच लावले जात होते. उरलेले कुलूप एकटे पडले. काही वर्षांत तेही सुटले. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी देशाच्या निरनिराळ्या भागांतल्या गुलाबी अळ्या तपासून दोन्ही विषे पचवणाऱ्या अळ्यांची नोंद केली.

२०१७च्या हंगामात विदर्भ आणि मराठवाड्याने याची किंमत मोजली. काका ते वर्ष सांगताना थांबत थांबत बोलत होते. दसऱ्यापर्यंत पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, बोंडांनी लदलेली. फोडून पाहावे तो आत अळी. बोंडे उमललीच नाहीत, उमलली त्यांतून पिवळा कवडी कापूस निघाला. वेचणाऱ्या बायका म्हणाल्या, दिवसाकाठी पाच किलोही भरत नाही, आम्हाला परवडत नाही. शेवटी त्यांनी दीड एकरावर गुरे सोडली. गावात कोणी ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर फिरवला.

त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. डोक्यापेक्षा उंच पीक, उकाडा, तोंडाला फडके नाही आणि दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली. ज्या बियाण्याने फवारणी कमी होणार होती, त्याच्याच शेतात हे घडले. बोंडात बसलेल्या गुलाबी अळीपर्यंत तर फवारा पोचतही नाही.

अमेरिकेत मात्र नेमके उलटे झाले. तिथे साध्या कपाशीचे पट्टे काटेकोरपणे पाळले गेले. पुढे प्रयोगशाळेत वांझ केलेले पतंग विमानातून सोडले. २०१८मध्ये त्या देशाने आपल्या कपाशीतून गुलाबी अळी नाहीशी झाल्याचे जाहीर केले. प्रथिन तेच होते, अळीही तीच.

आता काका बीटीच्या भरवशावर राहत नाहीत. एकरी दोन कामगंध सापळे लावतात. मादीच्या वासाने नर पतंग त्यात अडकतात. लागोपाठ तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले, तर पुढच्या उपायाला लागायचे. फुलोऱ्यात सकाळी फेरी मारून डोमकळ्या, म्हणजे गुलाबासारख्या मिटून राहिलेल्या अळीग्रस्त कळ्या, तोडून जाळतात. आणि डिसेंबर संपायच्या आत पऱ्हाटी उपटतात. पूर्वी पाणी असले की फरदड ठेवायचे, मार्चपर्यंत चार क्विंटल जास्तीचा कापूस निघायचा. त्या चार क्विंटलात पुढच्या वर्षीची अळी पोसली जात होती, हे त्यांना आता पटले आहे. शेजारच्या शेतात मात्र अजून फरदड उभी असते. पतंग काही बांध पाहून उडत नाही.

मावशीला मी हे सारे फोनवर सांगितले, तर्री आणि करंजीसकट. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "त्या दिवशीनंतर मी सगळ्या सरक्या निवडल्या. सतरा जोडसरक्या निघाल्या. इथं जबलपुरात कुठं पऱ्हाटी आहे? सगळा गहू नि मटार. पतंग निघाले तरी उपाशी मरतील. पण सूनबाई म्हणाली, कशाला ठेवता? म्हणून जाळून टाकल्या."

"आणि वाती?"

"झाल्या की. पण भाऊजींना सांगितलंय, पुढच्या वर्षी पहिल्या वेचणीचा कापूस पाठवा. शेवटचा नको."